चार हात जमीन

कारंजा लाड या गावाच्या जुन्या वेशींना दुसऱ्या गावांची नावे आहेत. दारव्हा वेस, मंगरूळ वेस, पोहा वेस, दिल्ली वेस. वाशीम जिल्ह्यातल्या या जुन्या बाजारपेठेने आपली दारे ओळखली ती त्यांतून बाहेर पडणारी वाट कुठे जाते यावरून. ज्यांच्यामुळे हे गाव तीर्थ झाले तेही इथून बालपणीच निघून गेले. दत्त संप्रदाय ज्यांना श्रीदत्तात्रेयांचा दुसरा अवतार मानतो त्या श्रीनृसिंह सरस्वतींचा जन्म परंपरेनुसार १३७८च्या सुमारास इथे झाला. मुंजीनंतर त्यांनी घर सोडले, काशीला संन्यास घेतला, बदरीपर्यंत गेले आणि आईला दिलेला शब्द पाळण्यासाठी कित्येक वर्षांनी कारंज्याला परत आले. मग पुन्हा गोदाकाठ, परळी वैजनाथ, औदुंबर, नृसिंहवाडी, गाणगापूर आणि अखेरीस श्रीशैल. सरस्वती गंगाधरांच्या ‘गुरुचरित्रा’तून हा मार्ग वजा केला तर कथेचा कणाच निघून जाईल. संप्रदायाने पूजेला ठेवल्या त्याही पादुकाच: औदुंबरला विमल, वाडीला मनोहर आणि गाणगापूरला निर्गुण. जिथे जिथे ते थांबले तिथे त्यांच्या पावलांची आठवण पूजेत राहिली. ज्या परंपरेने पावलाला एवढा मान दिला, तिने चालण्याबद्दल नेमके काय शिकवले, हा या लेखाचा प्रश्न आहे.

कारंज्यात हा प्रश्न आणखी एका दिशेने येतो. हे गाव दिगंबर जैनांचे शतकानुशतकांचे केंद्र आहे. मूलसंघातले बलात्कार गण आणि सेन गण, शिवाय काष्ठासंघ, अशा तिन्ही शाखांची मंदिरे इथे आहेत. दिगंबर मुनी आयुष्यभर अनवाणी पायी विहार करतात. वाहन त्यांना वर्ज्य. हातात मोरपिच्छी आणि कमंडलू, एवढाच त्यांचा सरंजाम. विसाव्या शतकात आचार्य शांतिसागर महाराजांनी (१८७२–१९५५) या विहाराच्या परंपरेला नवे बळ दिले. म्हणजे दत्त संप्रदायातला संन्यासी आणि जैन मुनी या दोघांच्या वाटा या एकाच गावातून जातात. त्यांचे तत्त्वज्ञान वेगळे, ईश्वराविषयीची धारणा तर अगदी उलट. तरी पाऊल कसे टाकावे, कधी थांबावे, सोबत काय घ्यावे, पाणी कसे प्यावे, या बाबतींत दोघांचे नियम विलक्षण जुळतात. इतके दूरचे दोन सिद्धांत एकाच वर्तनावर येऊन मिळत असतील, तर त्या वर्तनाचा उगम सिद्धांताच्याही आधी, जमिनीशी असलेल्या संबंधात शोधायला हवा.

आज डोंगरवाटांवर चालणारे हजारो तरुण आपल्याला यात्रेकरू म्हणवत नाहीत. ते ट्रेकर आहेत. त्यांना लागतो तो व्यावहारिक सल्ला: बूट कोणते घ्यावेत, पाणी किती न्यावे, पावसात कोणता घाट टाळावा, अंधार पडण्याआधी कुठे पोचावे. हा सल्ला आपण एका कप्प्यात ठेवतो, आणि व्रत, नियम, यात्रा हे सारे दुसऱ्या कप्प्यात. पहिल्यात उपयोग, दुसऱ्यात पुण्य. मला ही वाटणी मुळातून चुकीची वाटते. वाटसरूला दिलेला चांगला सल्ला आणि चालणाऱ्याचा धर्म ही एकाच गोष्टीची दोन नावे आहेत, आणि चालण्यातले पावित्र्य मुक्कामाच्या देवळात सापडायच्या आधी पुढच्या चार हात जमिनीवर सापडते, असे मी या लेखात मांडणार आहे.

‘चार हात’ हे माप माझे नाही. जैन मुनींच्या पाच समित्यांपैकी पहिली ईर्यासमिती, म्हणजे चालण्यातली सावधता. तिचा नियम असा की पुढची युगप्रमाण भूमी पाहूनच पाऊल टाकावे. युग म्हणजे बैलांच्या मानेवरचे जू. त्याची लांबी चार हात धरतात, साधारण सहा फूट. त्याहून जवळ पाहिले तर पाऊल आवरायला वेळ उरत नाही, आणि फार दूर पाहिले तर मुंगी दिसत नाही. शास्त्रकारांनी या सावधतेच्या चार शुद्धी सांगितल्या आहेत. मार्गशुद्धी: माणसे-गुरे ज्यावरून आधीच गेली आहेत अशा मळलेल्या वाटेनेच जावे, हिरवळ आणि ओली माती तुडवू नये. उद्योतशुद्धी: सूर्यप्रकाशातच चालावे. उपयोगशुद्धी: चालताना चित्त चालण्यातच असावे. आलंबनशुद्धी: चालण्याला काही योग्य कारण असावे, उगाच भटकू नये. आजच्या एखाद्या जाणत्या गिर्यारोहकाला नवशिक्यांसाठी चारच सूचना लिहायला सांगितल्या, तर तोही बहुधा हेच लिहील: पायवाट सोडू नका, उजेडात चाला, लक्ष विचलित होऊ देऊ नका, आणि कुठे व का चाललो आहोत हे ठरवून निघा.

योगायोग म्हणून हे सोडून देता आले असते. पण हेच माप आणखी एका ठिकाणी भेटते, तेही मोक्षाशी थेट संबंध नसलेल्या ग्रंथात. वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदया’त दिनचर्येचा अध्याय आहे. निरोगी माणसाने दिवस कसा घालवावा, हा त्याचा विषय. तिथे वैद्य सांगतो की छत्री आणि पादत्राणे घेऊन, युगमात्र अंतरावर नजर ठेवून चालावे. रात्री निकडीचे काम असेल तरच बाहेर पडावे, आणि तेव्हा हाती काठी, डोक्याला आच्छादन व सोबतीला माणूस असावा. मुनीचे व्रत आणि वैद्याची सूचना यांतले अंतर एकच. मुनी पाहतो ते जीव वाचावा म्हणून, वैद्य पाहायला सांगतो ते पाय वाचावा म्हणून. इकडे मनुस्मृतीतल्या संन्यासधर्मात आणि भागवताच्या अकराव्या स्कंधातही पाऊल नजरेने शुद्ध करून टाकावे आणि पाणी वस्त्राने गाळून प्यावे, असे जोडीने सांगितले आहे. हाच तो एकादश स्कंध, ज्यावर एकनाथांनी मराठीत टीका लिहिली आणि ज्यात अवधूताचे चोवीस गुरू येतात. दत्त संप्रदायाने तो अवधूत आपला मानला. त्याचा पहिला गुरू पृथ्वी आहे, जी सगळ्यांच्या पायांखाली येऊनही ढळत नाही. भिक्षेच्या बाबतीत त्याचा गुरू भुंगा आहे, जो एका फुलाला ओरबाडत नाही, अनेक फुलांतून थोडे थोडे घेतो. माधुकरी हा शब्द त्यातूनच आला. पायांखालच्या जमिनीलाही भार होऊ नये आणि ज्याच्या दारात थांबलो त्या घरालाही, हा एकच विचार दोन्हीकडे आहे.

या विचाराचा सगळ्यात ठळक नियम चातुर्मासाचा. संन्यासी आणि मुनी आठ महिने फिरतात, पावसाळ्याचे चार महिने एके ठिकाणी राहतात. बौद्धांच्या विनयात याचे कारण सरळ सांगितले आहे: भिक्षू पावसातही हिंडतात, कोवळे अंकुर तुडवतात, बारीक जिवांचा घात करतात, अशी तक्रार लोकांनी केली आणि वर्षावासाचा नियम झाला. म्हणजे या नियमामागे लोकांचा, बहुधा शेतकऱ्यांचाही, आवाज आहे. वऱ्हाडात हे समजायला ग्रंथ उघडावा लागत नाही. इथली काळी माती पहिल्या दमदार पावसानंतर पायाला अशी धरते की चार पावलांत चपलेला शेरभर चिखल लागतो. पेरणी झालेल्या शेताच्या धुऱ्यावरून चुकीचे पाऊल पडले तर कोणाचे तरी रोप जाते. नाले तासाभरात भरतात, बिळांत पाणी शिरून साप बाहेर येतात, गवतात घोणस दिसत नाही. ‘गुरुचरित्रा’च्या पंधराव्या अध्यायात गुरू शिष्यांना तीर्थाटनाला पाठवतात, तिथे नद्यांची यादी आहे आणि तिच्यासोबत पावसाळ्याच्या आरंभी नद्या काही दिवस रजस्वला मानून त्या काळात स्नान टाळावे, असेही सांगितले आहे. आज ती भाषा आपल्याला खटकेल, आणि खटकावी. पण पहिल्या लोंढ्यासोबत सगळ्या रानाची घाण वाहून आणणाऱ्या पाण्यापासून दूर राहा, हा त्या नियमाचा गाभा वाटसरूच्या हिताचाच आहे. आज देशातल्या बहुतेक व्याघ्र प्रकल्पांचा गाभा पावसाळ्यात पर्यटकांना बंद असतो. वनखात्याने त्याला चातुर्मास म्हटले नाही, पण जंगलाला काही महिने माणसाच्या पावलापासून सुटका हवी, हे तत्त्व तेच आहे.

कोणी म्हणेल, मग आषाढी वारीचे काय? ती तर भर पावसात चालते. शेगावहून निघणारी गजानन महाराजांची पालखी अकोला, वाशीम, परभणी, परळी, सोलापूर असा सुमारे महिन्याभराचा प्रवास करून पंढरपूरला पोचते. पण पोचण्याचा दिवस पाहावा. ती देवशयनी एकादशी आहे, आणि चातुर्मास तिथूनच सुरू होतो. वारीचे जाणे बंधन लागण्याच्या उंबरठ्यापर्यंत येऊन थांबते. परतीचा प्रवास चातुर्मासात होतो हे खरे. पण तो गृहस्थांचा, समूहाचा आणि रहदारीच्या रस्त्याने होतो, अंकुरलेल्या रानातून होत नाही. मार्गशुद्धीचा नियम तिथेही पाळला जातो. ज्याला पावसाळ्यात सह्याद्री पाहायचाच आहे त्यानेही हा भेद लक्षात ठेवावा. मळलेली वाट आणि कुठूनही वर जाणारी घसरडी चढण यांत फरक आहे. कास पठारावर जांभ्या खडकावरच्या बोटभर मातीत फुले येतात. तिथे वाट सोडून टाकलेले एक पाऊल पुढच्या वर्षीच्या बहरावर पडते. प्रवेशसंख्येवर मर्यादा घालावी लागली ती लोक वाईट होते म्हणून नव्हे. प्रत्येकाची नजर दूरच्या रंगावर होती, चार हातांवर नव्हती.

पाण्याचा नियमही असाच तपासून पाहता येतो. गाळलेले पाणी पिणे हा जैन घरातला रोजचा आचार. त्याचे कारण पाण्यातले जीव मरू नयेत हे आहे. म्हणूनच गाळण्यावर राहिलेली जिवाणी ज्या विहिरीचे पाणी तिथेच परत सोडायची, असा दंडक आहे. आता नारूचा रोग आठवावा. पायविहिरींतले पाणी न गाळता प्यायल्याने होणाऱ्या या रोगाने महाराष्ट्रातली कित्येक गावे पिढ्यान्‌पिढ्या पिडली. पाण्यातल्या सूक्ष्म पिसवांच्या पोटातून तो जंतू माणसाच्या शरीरात जाई आणि वर्षभराने पायातून बाहेर पडे. माणूस महिनोन्‌महिने चालू शकत नसे. त्याच्या निर्मूलनात दाट कापडाने पाणी गाळणे हा एक मुख्य उपाय होता, आणि २००० साली भारत नारूमुक्त जाहीर झाला. पिसवेचा जीव वाचवण्यासाठी धरलेले फडके पिणाऱ्याचे पायही वाचवत होते. दुसऱ्याच्या हितासाठी केलेला नियम आपले रक्षण करतो, ही गोष्ट इथे प्रत्यक्ष सिद्ध झालेली आहे.

इथे पहिला गंभीर आक्षेप येतो. हे सगळे नियम अखेर आरोग्याचे आणि सुरक्षिततेचेच असतील, तर त्यांना धर्म कशाला म्हणायचे? विज्ञानाला जे आता कळले ते पूर्वी व्रताच्या वेष्टनात बांधून दिले होते. वेष्टन काढून टाकावे, आतला सल्ला ठेवावा. हा युक्तिवाद आकर्षक आहे, पण तो एका ठिकाणी अडतो. नियम केवळ माझ्या सुरक्षिततेसाठी असेल, तर मी सुरक्षित झालो की तो संपतो. जाड तळव्याचे बूट घातले की खाली पाहण्याचे कारण उरत नाही. बाटलीत गाळणी बसवली की विहिरीशी नाते उरत नाही. कारंज्याजवळ सोहोळचे काळवीट अभयारण्य आहे, सुमारे १८ चौरस किलोमीटरचे गवताळ रान. काळविटाची मादी नवजात पाडसाला गवतात लपवून चरायला जाते. टिटवी तर घरटेही बांधत नाही, उघड्या जमिनीवरच्या खड्यांत खड्यांच्याच रंगाची अंडी घालते. त्या अंड्यापासून माझ्या बुटाला काहीही धोका नाही. तरीही मी पाहून पाऊल टाकले, तर ते का टाकले? ‘स्वतःची सुरक्षा’ हे उत्तर इथे पुरत नाही. माझा धोका संपल्यावरही जो नियम उरतो, तोच त्याचा धर्माचा भाग. व्रताने सल्ल्यात काय भर घातली, ते इथे दिसते: सल्ला जिथे मला सोडून देतो तिथे व्रत मला धरून ठेवते.

दुसरा आक्षेप श्रद्धेच्या आतूनच येतो. देव सर्वत्र असेल तर चालायचे कशाला? आपल्या संतांनी तीर्थांच्या नुसत्या फेऱ्यांवर कठोर टीका केली आहे. खुद्द ‘गुरुचरित्रा’त तंतुक नावाच्या विणकर भक्ताची कथा आहे. घरचे लोक शिवरात्रीला श्रीशैलाच्या यात्रेला निघाले तेव्हा तो गेला नाही. माझा श्रीशैल इथेच, गुरूंपाशी आहे, असे तो म्हणाला. गुरूंनी त्याला पादुका घट्ट धरायला सांगून क्षणात श्रीशैलावर नेले, आणि लिंगाच्या ठिकाणी त्याला गुरूच दिसले. इथे तर एक पाऊलही चालणे नाही. मी या कथेला बगल देणार नाही, कारण ती माझ्या म्हणण्याला बळच देते. पुण्य कोसांच्या मापाने मिळत असते तर तंतुकाचा वाटा शून्य ठरला असता. ग्रंथाला अंतराचा हिशेब मान्य नाही. आणि तरी त्याच ग्रंथातले गुरू जन्मभर चालत राहिले. याचा मेळ एकाच तऱ्हेने लागतो. चालणे ही देवाकडे पोचण्याची किंमत नाही. ते वागण्याची एक रीत आहे, आणि तिचे मोल किती चाललो यात नसून कसे चाललो यात आहे. तीर्थाटनाच्या व्यापारावर टीका करणारे संत स्वतः वारीला चालतच होते. नामदेव तर पंजाबात घुमानपर्यंत गेले. त्यांचा राग पावलांवर नव्हता, पावले मोजून देवाशी सौदा करण्यावर होता.

मग जो कोणत्याही देवासाठी निघालेला नाही त्याचे काय? चौथी शुद्धी आलंबनाची आहे, आणि शास्त्र ज्या कारणांना मान्यता देते त्यांत गुरुदर्शन, अध्ययन, आजाऱ्याची सेवा अशी कारणे येतात. सुटीच्या दिवशी गडावर जाऊन येणे त्यात बसते का? मुनीसाठी नाही, हे मान्य. पण गृहस्थाला तोच नियम अणुव्रताच्या, म्हणजे सौम्य केलेल्या व्रताच्या, मापाने लागतो, हे जैन विचारातच आहे. आपली जमीन, तिच्यावरचे दगड, झाडे, तट, टाकी आणि माणसे समजून घ्यायला निघणे हे अध्ययनच आहे. कुठल्या टाक्यात पाणी बारमाही असते, कुठला बुरूज ढासळतो आहे, खालच्या वाडीत लोक कशावर जगतात, हे पाहून येणाऱ्याचे आलंबन शुद्ध आहे, त्याने त्याला धर्म म्हटले नाही तरी. किती किल्ले ‘झाले’ याची बेरीज वाढवायला निघालेला मात्र पुण्याची बेरीज करणाऱ्या यात्रेकरूच्याच रांगेत उभा आहे. दोघांचीही नजर वाटेवरून उडालेली असते. भंडारदऱ्याच्या परिसरात मे-जूनच्या संधिकालात काजव्यांनी झाडे उजळतात, आणि ते पाहायला आलेल्यांच्या पायांखाली व गाड्यांच्या दिव्यांखाली तेच काजवे संपतात. रात्री चालू नये हा नियम तिथे अक्षरशः पाळता येणार नाही, कारण काजवा रात्रीच दिसतो. पण त्याचा आशय पाळता येतो: रस्त्यावरच थांबावे, गवतात उतरू नये, बॅटरी खाली आणि मंद ठेवावी. सुंदर गोष्ट पाहण्याची इच्छा ती गोष्ट नष्ट करणार नाही याची हमी पाहणाऱ्यानेच द्यायची असते.

तिसरा आक्षेप असा की हे सारे देहदंडाचे उदात्तीकरण आहे. अनवाणी पाय, उपवास, काटे. दुबळ्याने हे मनावर घेतले तर जीव जाईल. आक्षेपात तथ्य आहे, आणि म्हणूनच परंपरेने कष्टाला कुठे कुठे मर्यादा घातली ते नीट पाहायला हवे. वैद्याने पादत्राणे आणि छत्री सांगितली आहे. संन्याशाने अनवाणी चालावे, वाटसरूने चप्पल घालावी, यात विरोध नाही, अधिकार वेगळे आहेत. वासुदेवानंद सरस्वती, म्हणजेच टेंबे स्वामी (१८५४–१९१४), भारतभर अनवाणी चालले. पण त्यांचे चरित्र सांगणारे ते त्यांच्या चातुर्मासांच्या क्रमाने सांगतात, उज्जैनपासून गरुडेश्वरापर्यंत. एवढ्या मोठ्या चालणाऱ्याचे आयुष्य त्याच्या थांबण्यांनी मोजले गेले. थांबणे हा व्रताचा भंग नव्हे, व्रताचा अर्धा भाग आहे. विदर्भातल्या मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो. तिथे फटफटताच निघून दहापर्यंत सावली गाठणे आणि ऊन उतरल्यावर पुन्हा निघणे हीच शहाणी रीत आहे. धुके दाटल्यावर, पाय मुरगळल्यावर, ओढा वाढल्यावर जो अर्ध्या वाटेतून परत फिरतो, त्याने काही गमावले असे मला वाटत नाही. शिखर त्याच्या आलंबनात होते, पण चार हात जमीन त्याच्या जबाबदारीत होती, आणि ती त्याने पाळली.

सगळ्यात अवघड आक्षेप मात्र ग्रंथांतून येत नाही, रस्त्यावरून येतो. २०२०च्या उन्हाळ्यात टाळेबंदीत अडकलेले मजूर पोरेबाळे घेऊन शेकडो मैल चालत निघाले, विदर्भातल्या महामार्गांवरूनही. त्यांच्या चालण्याला कोणी व्रत म्हणाले तर ती क्रूरता ठरेल. चालणे आपोआप पवित्र असते, असे म्हणणारा प्रत्येक विचार इथे कोसळतो. मी तसे म्हणत नाही. ज्याने स्वतः होकार दिला त्याच्याच चालण्याला व्रताची भाषा लागू पडते. पण ज्याला चालणे भाग पडले त्याच्यासमोर धर्म संपत नाही, तो वाटेच्या कडेला राहणाऱ्यांवर येतो. वाटेचा धर्म कधीच एकट्या चालणाऱ्याचा नव्हता. संन्याशाने गावात एक रात्र आणि नगरात पाच रात्री राहावे, ही मर्यादा त्याला घातली. पण त्या एका रात्रीसाठी गावात धर्मशाळा, वाटेवर पाणपोई, पाराला सावली असणे ही गावावरची मर्यादा होती. त्या वर्षी अनेकांनी रस्त्यावर भाकरी, पाणी आणि चपला घेऊन उभे राहून हेच केले. आजच्या ट्रेकरला हा नियम उलट बाजूने लागू होतो. गडाच्या पायथ्याच्या वाडीत ज्या घरी पिठले-भाकरी मिळते, त्या घराचे पाणी किती लांबून येते हे त्याला ठाऊक असावे, योग्य पैसे न मागता द्यावेत, आणि आपला कचरा आपल्याच पिशवीतून परत न्यावा. भुंग्याने फुलाला ओरबाडू नये, हेच ते.

चालणेच श्रेष्ठ असे म्हणालो तर कारंजाच माझ्या विरुद्ध साक्ष देईल. इथे भट्टारकांच्या गाद्या होत्या. भट्टारक मुनींसारखे अखंड विहार करत नसत, मठात राहत. पण त्या स्थिर गाद्यांमुळे इथले ग्रंथभांडार टिकले. १९२६ साली मध्य प्रांत व वऱ्हाडातल्या संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची सूची प्रसिद्ध झाली, तेव्हा कारंज्यातल्या पोथ्यांकडे अभ्यासकांचे लक्ष गेले, आणि पुढे इथल्या अपभ्रंश ग्रंथांचे संपादन होऊन ते जगासमोर आले. सारेच चालत राहिले असते तर या पोथ्या कोणी जपल्या असत्या? म्हणून एकाच गावाने नृसिंह सरस्वतींना वाटेला लावावे आणि पोथ्या घरात सांभाळाव्यात, यात मला विसंगती दिसत नाही. थांबणाऱ्याने चालणाऱ्यासाठी ज्ञान आणि पाणी राखून ठेवायचे, चालणाऱ्याने थांबणाऱ्याच्या जमिनीला धक्का लावायचा नाही. चातुर्मास हा करार दरवर्षी नव्याने करतो: आठ महिने चालणारा चार महिने ऐकतो आणि सांगतो.

आता कारंज्याला आणखी एक वाट मिळाली आहे. मुंबई–नागपूर समृद्धी महामार्ग, ७०१ किलोमीटरचा, याच तालुक्यातून जातो. त्यावर पायी चालणाऱ्याला मज्जाव आहे, आणि तो योग्यच आहे. वेगाशी माझे भांडण नाही. रुग्णाला नागपूरला लवकर पोचवणारा रस्ता हाही उपकारच आहे. पण एक साधा हिशेब करावा. ताशी १२० किलोमीटरच्या वेगात गाडी सेकंदाला सुमारे ३३ मीटर जाते. चार हात जमीन तिच्याखालून सेकंदाच्या विसाव्या हिश्श्यात निघून जाते. त्यावर काय होते, हे पाहणे कोणत्याही माणसाच्या आवाक्यात नाही. पायी चालणाऱ्याला तेवढीच जमीन ओलांडायला दीड सेकंद लागतो. पाहायला, ओळखायला आणि उचललेले पाऊल बाजूला टाकायला तेवढा वेळ पुरतो. जुन्या शास्त्रकारांनी माप निवडले ते माणसाच्या डोळ्यांचे आणि पायांचे. ज्या वेगात आपण आपल्या पावलाबद्दल उत्तर देऊ शकतो, त्या वेगाची एक मर्यादा आहे, आणि तिच्या आत काही काळ तरी जगून पाहणे हा पायी प्रवासाचा आजही न संपलेला अर्थ आहे.

म्हणून नवख्या वाटसरूला काय सांगावे, असा प्रश्न आला तर मी व्यवहार आणि अध्यात्म असे दोन कागद देणार नाही. एकच देईन. पावसाळ्यात रान रानाचे असू द्या. उजेडात चाला, मळलेल्या वाटेने चाला. ओझे स्वतः उचलता येईल एवढेच घ्या. पाणी गाळून प्या आणि पाणवठा होता तसा सोडा. ज्या घरी थांबाल त्या घराला जड होऊ नका. परत फिरायची लाज बाळगू नका. आणि चालताना पुढच्या चार हात जमिनीकडे पाहा. तिथे साप असेल तर तुम्ही वाचाल, टिटवीचे अंडे असेल तर ते वाचेल. त्या दोन पावलांत भेद न करणारा माणूस दारव्हा वेशीतून निघो की दिल्ली वेशीतून, देवाचे नाव घेवो की न घेवो, तो धर्माच्याच वाटेवर आहे.